नागपुरात पाहण्यासारखं काय आहे? एका यादीचं वाचन



आज आम्ही ज्या लेखनावर बोलणार आहोत त्याला कुणी साहित्य म्हणत नाही. त्याला पुरस्कार नाही, त्याचं परीक्षण येत नाही, लेखकाचं नावसुद्धा बहुधा नसतं. पण वाचलं मात्र ते भरपूर जातं. ‘नागपुरात पाहण्यासारखी दहा ठिकाणं.’ कधी पंधरा, कधी वीस. शहरात पहिल्यांदाच येणारा माणूस गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर जे वाचतो ते हेच. म्हणजे आपल्या शहराविषयीचं त्याचं पहिलं वाचन आणि पुष्कळदा शेवटचंही. मग त्याची समीक्षा का करू नये?

सुरुवात घरातूनच झाली. मागच्या दिवाळीत पुण्याची मावशी आमच्याकडे आली. आयुष्यात पहिल्यांदाच. आल्या आल्या म्हणाली, “काय रे, तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे?” आम्ही म्हटलं, “मावशी, संत्रा बर्फी आहे.” (हशा) हसू नका, आपण सगळे हेच उत्तर देतो. पाहुण्यानं ‘काय बघायचं’ विचारलं की आपण खायचं सांगतो. तर्री पोहे, सावजी, बर्फी. कारण पाहण्यासारखं आपल्याकडे काही नाही अशी आपलीच मनातून खात्री असते.

तरी आम्ही एक यादी घेतली आणि तिला दिवसभर फिरवलं. झिरो माईल, फुटाळा, दीक्षाभूमी, रमण विज्ञान केंद्र, अंबाझरी, तेलंगखेडीचा मारुती. संध्याकाळी परतताना म्हणाली, “छान आहे. मोकळं आहे. रस्ते मोठे आहेत.” एक आख्खा दिवस दाखवून पाहुण्याच्या लक्षात रस्ते राहिले! आणि विधानभवनावरून गाडी जात होती तेव्हा तिनं विचारलं, “वर्षातून दोन-तीन आठवड्यांच्या अधिवेशनासाठी एवढी इमारत बांधलीत तुम्ही?” आम्ही म्हटलं, “हो, म्हणजे, उपराजधानी आहे ना.” उत्तर चूक होतं, आणि ते चूक आहे हे आम्हाला तेव्हाही कळत होतं. आजचं सगळं बोलणं त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

त्यानंतर आम्ही अशा पंधरा-वीस याद्या जमवून ओळीनं वाचल्या. मराठी, हिंदी, इंग्रजी. त्यांची एक भाषा आहे. ‘निसर्गरम्य’, ‘विलोभनीय’, ‘आवर्जून भेट द्यावी असे’. प्रत्येक ठिकाणाला सारख्याच चार ओळी. तळ्याला चार, दीक्षाभूमीला चार, मॉललाही चारच. कुठल्याच ठिकाणाचा दुसऱ्या ठिकाणाशी काही संबंध नाही. जणू ही ठिकाणं वरून कुणी भिरकावली आणि जिथं पडली तिथं राहिली.

आता झिरो माईल घेऊ. यादीत बहुधा पहिला नंबर त्याचाच असतो. मजकूर साधारण असा: इंग्रजांनी नागपूर हा भारताचा मध्यबिंदू मानला, तिथं हा स्तंभ उभारला आणि देशातली सगळी अंतरं इथून मोजली. पाहुणा खांबाला हात लावून फोटो काढतो, शेजारच्या घोड्यांचा एक फोटो काढतो आणि निघतो. मावशीला घेऊन गेलो तेव्हा रिक्षावाल्या भाऊनंच विचारलं होतं, “का पाहून राहिले जी, दगडच तर आहे तो.” त्याचं बरोबर होतं. दगड वाचला नाही तर तो दगडच.

तर दगड वाचू. हे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं, ज्याला जीटीएस म्हणतात त्याचं, १९०७ सालचं प्रमाण उंचीचिन्ह आहे. उंचीचिन्ह, बरं का. त्यावर नोंदलेली उंची आहे समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत! आणि उंची मोजायचा शून्य असतो समुद्राच्या पातळीवर. म्हणजे ज्याला आपण ‘झिरो’ म्हणतो त्याचा खरा झिरो नागपुरात नाहीच, तो किनाऱ्यावर आहे. या सर्वेक्षणाची सुरुवातही इथं झाली नाही. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटननं मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली, तिथून ते काम सुरू झालं. हाच लॅम्बटन नागपूरकडे येत असताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथं आहे. हिंगणघाट! आपल्यापैकी किती जण लग्नाकार्याला हिंगणघाटला जातात, आणि हिमालयापर्यंत पोचलेल्या त्या मोजणीचा आरंभ करणारा माणूस तिथं पुरला आहे हे किती जणांना ठाऊक असतं? एकाही यादीत आम्हाला ते सापडलं नाही.

पण स्तंभावर दुसरंही काही कोरलं आहे. गावांची नावं आणि अंतरं. कोणती गावं? चांदा, रायपूर, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, हैदराबाद. मुंबई नाही, दिल्ली नाही, कलकत्ता नाही. देशाच्या केंद्रबिंदूवरून अंतरं मोजायची असती तर ही नावं कोण गाळेल? हैदराबाद सोडलं तर ही सगळी गावं त्या काळच्या मध्य प्रांतातली. आज त्यातलं एक चांदा तेवढं महाराष्ट्रात आहे. रायपूर छत्तीसगडमध्ये, बाकीची मध्य प्रदेशात. हा दगड देशाचा मध्य सांगत नाही. तो एका प्रांताची राजधानी सांगतो, आणि तो प्रांत आता नकाशावर नाही.

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी झालं. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडला. १९३६ मध्ये इथं स्वतंत्र हायकोर्ट आलं. त्याची ती सुंदर घुमटाची इमारत हेन्री मेडनं केली, ज्यानं आधी नव्या दिल्लीत काम केलं होतं. ती १९४० च्या जानेवारीत सुरू झाली. विधानभवन, जुनं सचिवालय, सिव्हिल लाइन्सचे ते मोठाले बंगले, झाडांच्या दुतर्फा रांगा, मावशीला आवडलेले रुंद रस्ते, हे सगळं एका राजधानीचं सामान आहे. १९५० नंतर त्याच राज्याचं नाव मध्य प्रदेश झालं. म्हणजे स्वतंत्र भारतात सहाएक वर्षं मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ नव्हती, नागपूर होती. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत. दुसऱ्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली आणि राजधानीचं शहर एका रात्रीत दुसऱ्याच राज्यातलं जिल्ह्याचं ठिकाण झालं. हिवाळी अधिवेशन ही नंतर, नागपूर कराराच्या आधारानं झालेली भरपाई. तिच्यासाठी कुणी इमारत बांधली नाही, इमारत आधीच होती.

हे यादीत का नाही? आम्हाला वाटतं, गमावलेलं दाखवायला आपण लाजतो.

इथं एक परदेशातला दाखला देतो. आमच्या स्नेह्यांचा मुलगा नोकरीसाठी स्टॉकहोमला आहे. आईवडील पहिल्यांदा जाणार म्हणून त्यानं त्यांच्यासाठी ‘काय काय पाहायचं’ असा कागद केला होता. तो आम्ही मागून घेतला. पहिलं नाव होतं वासा संग्रहालय. वासा हे काय आहे? सतराव्या शतकात स्वीडनच्या राजानं बांधून घेतलेली भली थोरली युद्धनौका. १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच फेरीला निघाली, वाऱ्याची झुळूक आली, कलंडली आणि शहरासमोरच्याच पाण्यात लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली. लढाई नाही, वादळ नाही. बांधणीच चुकली होती. अशी फजिती आपण दाखवली असती का हो? त्यांनी ती १९६१ मध्ये पाण्यातून वर काढली, जपली आणि १९९० मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उघडलं. आज तिथं येणारा नवा पाहुणा आधी ती फजिती पाहायला जातो. आमचे स्नेही परत आल्यावर राजवाड्याविषयी दोन वाक्यं बोलले आणि वासाविषयी अर्धा तास.

हेलसिंकीचंही तसंच. बंदरातून बोटीनं सुओमेनलिन्ना नावाच्या सागरी किल्ल्यावर जातात. १७४८ मध्ये स्वीडिश राजवटीनं बांधायला घेतलेला हा किल्ला १८०८ मध्ये फारसं न लढताच रशियाच्या हाती गेला. तरी तिथं लोक राहतात, मुलं शाळेत जातात, आणि पाहुण्यांना ती शरणागतीची गोष्ट सांगितली जाते.

आता नऊच वर्षांनी पुढे या, सीताबर्डीला. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७. आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढली. भोसल्यांच्या बाजूनं अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतलीही होती, पण ती टिकली नाही. नागपूरचं राज्य खऱ्या अर्थानं त्या टेकडीवर संपलं. १८५४ मध्ये ते खालसा झालं हा पुढचा कागदोपत्री व्यवहार. आज रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलेल्या प्रत्येक माणसाला ती टेकडी दिसते. आणि यादी काय लिहिते? ‘शहराच्या मध्यभागी वसलेला भव्य किल्ला.’ कोण हरलं, कोण जिंकलं, काही नाही. किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, सामान्यांना २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच आत जाता येतं, हेही बऱ्याच याद्या सांगत नाहीत. पाहुणा फाटकापर्यंत जाऊन परत येतो.

त्याऐवजी आणखी एक वाक्य मात्र हमखास असतं: १९२३ साली महात्मा गांधींना या किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं. आम्ही तारखा ताडून पाहिल्या. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९२४ मध्ये ते सुटले. मधला काळ ते येरवड्याला होते. मग १९२३ हे साल आलं कुठून? त्या साली नागपुरात खरंच मोठं काही घडलं होतं. झेंडा सत्याग्रह! सिव्हिल लाइन्सकडे चरख्याचा झेंडा घेऊन जायला सरकारनं बंदी घातली, आणि उन्हाळाभर स्वयंसेवकांच्या तुकड्या झेंडे घेऊन निघत राहिल्या, अटक होत राहिली. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेल येऊन नेतृत्व करू लागले, आणि ऑगस्टमध्ये झेंडा त्या रस्त्यानं गेला. सिव्हिल लाइन्सच का? कारण राजधानी तिथं बसत होती. सत्ता ज्या रस्त्यावर राहत होती त्याच रस्त्यावरून झेंडा न्यायचा होता. मावशीला आम्ही त्या भागातून गाडीनं नेलं आणि म्हणालो, “बघ, किती झाडी आहे.” खरी घटना सोडून संशयास्पद गोष्ट सांभाळणं, हा या लेखनप्रकाराचा सगळ्यात मोठा दोष आहे, असं आमचं मत झालं आहे.

तळी, बागा, विज्ञान केंद्र यांच्याविषयी आमची तक्रार नाही. मुलं बरोबर असली की विज्ञान केंद्र उत्तमच. फुटाळ्यावर संध्याकाळी कणीस खाणं हे काही पाप नाही. पुढे जाऊ.

दीक्षाभूमी. इथं आम्हाला जरा थांबायचं आहे.

यादीतला मजकूर सगळा घुमटाविषयी असतो. सांचीच्या धर्तीवरचा स्तूप, पोकळ आहे, अमुक इतका उंच, फोटोसाठी छान, लागणारा वेळ अर्धा तास. हा स्तूप २००१ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. लोक मात्र १९५६ पासून येतायत. म्हणजे पंचेचाळीस वर्षं हा घुमट नव्हता आणि गर्दी होती. मग लोक काय पाहायला येत होते? जागा. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या मैदानावर भदंत चंद्रमणींकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली. ते सीताबर्डीत श्याम हॉटेलात उतरले होते. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडलं हेही सांगितलं: नाग लोकांशी असलेलं या भूमीचं नातं.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. १४ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. मधे अठरा दिवस. एका अख्ख्या राज्याची राजधानी या शहराच्या हातून सुटायच्या अठरा दिवस आधी याच शहरात लाखो माणसांनी हजारो वर्षांची एक व्यवस्था हातून सोडून दिली. पहिल्या घटनेची हळहळ आम्ही आमच्या वाडवडिलांकडून पुष्कळ ऐकली. दुसरीविषयी आमच्या घरात बोलणंच होत नसे. हे आम्ही दुसऱ्या कुणावर टाकत नाही, स्वतःविषयी सांगतो आहोत.

कारण मावशीनं तिथं विचारलं होतं, “आत काय आहे?” आणि आम्ही म्हटलं, “स्तूप आहे.” तीच यादीतली ओळ! समोर बावीस प्रतिज्ञा कोरलेला स्तंभ होता. वाचायला पाच मिनिटं लागली असती. आम्ही वाचू दिला नाही, कारण पुढे अंबाझरी होती आणि ऊन चढत होतं. खरं सांगायचं तर कारण ऊन नव्हतं. त्या प्रतिज्ञा मावशीला खटकतील, मग गाडीत अवघड बोलणं होईल, याची आम्हाला धास्ती होती. यादीनं आमची सोय केली. अर्धा तास, फोटो, पुढे. यादी नेहमी अशीच सोय करते, म्हणून ती निरुपद्रवी आहे असं आम्हाला वाटत नाही.

एका यादीत तर सूचना आहे: ‘दसऱ्याच्या सुमारास जाणे टाळावे, फार गर्दी असते.’ आता काय म्हणावं! ज्या दिवसासाठी ती जागा आहे तोच दिवस टाळायचा. त्या दिवसांत खेड्यापाड्यांतून आलेली माणसं रस्त्याच्या कडेला भाकरी खातात, रात्री तिथंच आडवी होतात आणि जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. जत्रेतून खेळणी आणि बांगड्या नेतात तशी पुस्तकं. पहिल्यांदा नागपूरला येणाऱ्याला एकच दिवस निवडायला सांगितला, तर आम्ही तोच दिवस सांगू. शहराबाहेर चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आहेत, कपडे आहेत, टाईपरायटर आहे. तेही बहुतेक यादीकारांना माहीत नाही.

घाईनं आणखी दोन गोष्टी. जवळपास प्रत्येक यादीत एम्प्रेस मॉल आहे, पण एम्प्रेस मिल एकाही नाही. १ जानेवारी १८७७ ला, ज्या दिवशी व्हिक्टोरियाला भारताची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, जमशेटजी टाटांची ही गिरणी सुरू झाली. नाव त्यावरून. तिच्या जागेवर आज सरकता जिना आहे. दुसरं, महाल. या शहराचा पाया देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला. भोसले नंतर आले. महालात गोंड राजाचा किल्ला अजून आहे. पाहुण्याला आपण सिव्हिल लाइन्सची झाडं दाखवतो आणि महालाच्या गल्ल्या टाळतो, कारण गाडी लावायला जागा नसते.

आणि आता नवीच तऱ्हा. नागपूर म्हणजे ‘व्याघ्र राजधानी’. विमानातून उतरा, थेट ताडोबाला किंवा पेंचला जा. राजधानी हा शब्द शेवटी परत मिळाला आपल्याला, पण वाघांची! (हशा) ताडोबा जरूर पाहावं. फक्त त्यात शहर म्हणजे सामान घ्यायचा पट्टा होऊन बसतं.

सूत्रसंचालकांकडे एक चिठ्ठी आली आहे: “टीका ठीक आहे, पण पाहुण्याकडे एकच दिवस असेल तर काय दाखवायचं ते सांगा.” रास्त प्रश्न. आम्ही आता असं करतो. सकाळी आठला झिरो माईल, आणि तिथं घाई न करता गावांची नावं मोठ्यानं वाचायची. तिथून पायी विधानभवन, हायकोर्टाचा घुमट बाहेरून. मग अजब बंगला, म्हणजे १८६३ चं मध्यवर्ती संग्रहालय. १८७० मध्ये बालाघाटकडच्या गुंगेरियाला सापडलेली तांब्याची प्राचीन हत्यारं तिथं आहेत. बालाघाटची वस्तू नागपुरात का, असं पाहुणा विचारतो, आणि मग आपल्याला राजधानीची गोष्ट सांगता येते. दुपारी घरी जेवण आणि झोप. पाचला दीक्षाभूमी, अंधार पडेपर्यंत, स्तंभ पूर्ण वाचून. एवढंच. फुटाळा राहिला तर राहू द्या.

मावशी येत्या दसऱ्याला पुन्हा येणार आहे. आम्हीच बोलावलं आहे. फक्त एक लक्षात ठेवा, पाहुण्यांना सोमवारी आणू नका. सोमवारी अजब बंगला बंद असतो.